पावसाळ्याची बेगमी



दरवर्षी जुलै उजाडला की मंडळ्यांमधून एकच प्रश्न येतो : "पाड्यांवर काय पाठवू?" विचारणाऱ्यांचे मन मोठे असते. पण जुलैमध्ये उत्तर द्यायला उशीर झालेला असतो. पावसाळ्याच्या अन्नाची तयारी एप्रिल-मेच्या उन्हात करावी लागते, म्हणून हा लेख या उन्हाळी अंकात लिहीत आहे. घरच्या घरी अन्न वाळवून आणि भाजून अडचणीच्या दिवसांसाठी कसे ठेवावे, त्यात काय सांभाळावे आणि आपल्या भगिनींनी काय करून पाठवावे, हे सविस्तर सांगतो.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके सातपुड्याच्या रांगांत आहेत. येथील पाडे डोंगरउतारावर विखुरलेले आहेत. नाल्याला पूर आला की कित्येक पाड्यांचा रस्ता बंद होतो, कधी एक दिवस, कधी चार दिवस. शेवटचे काही किलोमीटर तर एरवीही पायीच जावे लागते. त्यात ऑगस्ट महिना सर्वांत कठीण. मागच्या हंगामातले ज्वारी-मका संपत आलेले असतात, नवे पीक अजून शेतात उभे असते. घरातली कणगी रिकामी झाली की उधारी सुरू होते, आणि ती उधारी पुढे पीक निघाल्यावर फेडावी लागते. म्हणजे ऑगस्टची भूक नोव्हेंबरचे धान्यही खाऊन टाकते.

ही विद्या नवी नाही

अन्न वाळवून ठेवणे आपण कोणी पाड्यावर शिकवायला जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचून अंगणात वाळत घातलेली असतात. धडगावकडे कैऱ्यांच्या फोडी करून उन्हात वाळवतात आणि त्याचा आमचूर बाजारात जातो. अंबाडी, मिरची, डाळी यांचेही तसेच. कोकण किनाऱ्यावर पावसाआधी सुकट, जवळा, बोंबील भरून ठेवतात, त्याला तिकडे आगोटीची खरेदी म्हणतात. देशावर आपल्या आया-आज्या सांडगे, कुरडया, पापड घालत आल्या आहेत.

पवित्र शास्त्रातही हे अन्न ठिकठिकाणी भेटते. इशायाने दावीदाला छावणीतल्या भावांकडे पाठवले तेव्हा बरोबर भाजलेले धान्य दिले. अबीगईलने दावीदाच्या माणसांसाठी गाढवांवर जे लादले त्यात भाजलेले धान्य, मनुकांचे घड आणि अंजिरांच्या ढेपा होत्या. रानात राहणाऱ्यांसाठी हलके, टिकाऊ आणि लगेच खाता येण्याजोगे अन्न हवे, हे त्या घरांना ठाऊक होते.

मग अडचण कुठे आहे? ज्यांना या साठवणीची सर्वांत जास्त गरज आहे, ती कुटुंबे वाळवणाच्या दिवसांत घरी नसतात. दिवाळीच्या सुमारास बरीच कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि एप्रिल-मेमध्ये, कधी त्याहून उशिरा परततात. तोवर हिवाळ्यातल्या भाज्यांचा, डाळींचा हंगाम निघून गेलेला असतो. शेजारणीचे डबे भरलेले असतात, यांचे रिकामे. आपली पाकिटे प्रथम या घरांत जायला हवीत.

पाणी गेले की अन्न का टिकते

अन्न नासवणारे जंतू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागते. पाणी पुरेसे काढून घेतले की ते मरत नाहीत, पण वाढूही शकत नाहीत. ओल पुन्हा मिळाली की ते पुन्हा कामाला लागतात. म्हणून अर्धवट वाळलेले अन्न ताज्या अन्नापेक्षाही धोक्याचे. ताजी भाजी नासली की दिसते, पण बंद पाकिटातली बुरशी पाकीट उघडेपर्यंत कळत नाही.

एका पावसाळ्यात एका गावाहून आलेली खिचडीची पाकिटे मी पाड्यावर उघडताना पाहिली. शेंगदाण्याचे कूट आणि तेल आधीच त्यात कालवलेले होते. सगळ्याला खवट वास येत होता. ती आजी काही बोलली नाही. तिने ते बाजूला ठेवले आणि चुलीवर मक्याच्या कण्या चढवल्या. प्रेमाने केलेली वस्तू होती, पण त्या दिवशी ती कोणाच्या पोटात गेली नाही. तेल-तूप वाळत नाही, ते हवेने खवट होते. म्हणून वाळवणाच्या पाकिटात तेल, कूट, खोबरे कधीही मिसळू नये. ते वेगळे, बंद पिशवीत द्यावे.

भाजी कशी वाळवावी

भाजी ताजी, कोवळी घ्या. धुऊन, निथळून ४-५ मिलिमीटर जाडीच्या सारख्या फोडी करा. जाड-बारीक असतील तर बारीक वाळतात आणि जाड आतून ओल्या राहतात.

गवार, फरसबी, गाजर, कोबी या भाज्या उकळत्या पाण्यात २-३ मिनिटे घालून लगेच गार पाण्यात काढा. यामुळे रंग आणि चव टिकते, शिजायलाही कमी वेळ लागतो. कांदा, टोमॅटो, भेंडी, मिरची, मेथी यांना याची गरज नाही.

फोडी जमिनीवर पसरू नका. बाजेवर स्वच्छ सुती कापड घालून एकाच थरात पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. वरून मच्छरदाणीचे कापड घाला. प्लॅस्टिकने झाकू नका, त्याखाली घाम धरतो. मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात पाल्यातले अ जीवनसत्त्व जास्त नष्ट होते. संध्याकाळी सगळे घरात घ्या, नाहीतर दिवसभर गेलेली ओल रात्रीचे दव परत देते.

मंडळीत कोणी सुतारकाम जाणत असेल तर उन्हाची पेटी करता येते. लाकडी पेटी, आतून काळा रंग दिलेला पत्रा, वर तिरकी काच. पेटीला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी लावलेली भोके ठेवा. गरम हवा वर चढते आणि ओल घेऊन वरच्या भोकातून बाहेर जाते, खालून कोरडी हवा आत येते. भोके नसतील तर भाजी वाळण्याऐवजी वाफवली जाते.

भाजी वाळली हे कसे ओळखावे? पाला चुरगळला की भुगा व्हावा. गवार, भेंडी वाकू नये, कट्कन मोडावी. टोमॅटोची फोड मधोमध दाबून पाहा, चिकट लागली तर आणखी एक ऊन द्या. दहा किलो पालेभाजीची साधारण एक किलो होते, टोमॅटो तर त्याहूनही कमी भरतात. ज्या माणसाला हे ओझे डोक्यावर घेऊन चढ चढायचा आहे, त्याला हा फरक कळतो.

गरम असताना भरू नका. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवून पाहा. आतून काचेवर बाष्प दिसले तर पुन्हा उन्हात घाला. ही आठवड्याची परीक्षा टाळू नका.

शिजवलेला भात वाळवावा का?

हे बऱ्याच भगिनी विचारतात. गिर्यारोहकांच्या पाकिटांत शिजवून वाळवलेला भात असतो, मग आपण का करू नये? कारण शिजलेला भात कोमट राहिला की त्यात काही जंतू विष तयार करतात आणि ते विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. यंत्रात साठ अंशांच्या आसपास सतत उष्णता आणि वारा मिळतो, अंगणात तो मिळेलच असे नाही. म्हणून घरच्या उन्हात शिजवलेला भात, वरण, मांस किंवा अंडे वाळवून पाठवू नका.

आपल्याकडे यावर जुना आणि सुरक्षित उपाय आहे : भाजणे. भाजलेल्या धान्यातली ओल जाते, किडीची अंडी मरतात आणि ते लवकर शिजते. पावसात सरपण ओले असते, तेव्हा चूल पंधरा मिनिटेच पेटती ठेवायची की तासभर, हा मोठाच प्रश्न असतो.

पाकीट कसे भरावे

पाच माणसांच्या घराला तीन दिवसांचा आधार होईल असे हे पाकीट आहे.

खिचडीचा भरडा, ३ किलो : २ किलो तांदूळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर भाजा. १ किलो मूगडाळ वेगळी खमंग भाजा. दोन्ही गार करून जाडसर भरडा. धान्यात जे कमी असते ते डाळ भरून काढते, म्हणून डाळ कमी करू नका. हळद, जिरे घाला. एक वाटी भरड्याला साधारण चार-पाच वाट्या पाणी लागते. माणशी एका वेळेला १०० ग्रॅम धरले आहे.

सातूचे पीठ, १ किलो : सडलेले गहू भाजून, त्याच्या निम्मे फुटाण्याचे डाळे मिसळून दळा. चूल पेटणारच नाही अशा दिवशी उकळून गार केलेल्या पाण्यात गूळ घालून कालवले की झाले.

याशिवाय वाळवलेली भाजी आणि शेवग्याचा पाला मिळून १०० ग्रॅम, गूळ अर्धा किलो, मीठ, तेलाची बंद पिशवी अर्धा लिटर आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. सगळे मिळून साडेपाच किलोच्या आसपास भरते.

भाजी इतकी थोडी का, असे वाटेल. पावसाळ्यात रान भाज्यांनी भरलेले असते. टाकळा, कुरडू, कर्टुली या बायका स्वतः आणतात. रान जे देते ते आपण पाठवू नये. उणीव असते ती डाळीची आणि तेलाची. वाळवलेली भाजी उपयोगी पडते ती संततधार लागलेली असताना, घरातली बाई तापाने पडलेली असताना किंवा बाळंतीण असताना, म्हणजे जेव्हा रानात कोणी जाऊ शकत नाही.

लहान मुलांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर सातूची किंवा भरड्याची मऊ, घट्टसर पेज चालते. पण मूल फार खंगले असेल, पायावर सूज असेल, तर पाकिटावर विसंबू नये. त्याला अंगणवाडीताई किंवा आशाताईला दाखवून दवाखान्यात पोहोचवायला हवे. आमचे कार्यकर्ते पाकीट देताना हे पाहतात.

साठवण आणि तारीख

भाज्या हवाबंद, कोरड्या, अंधाऱ्या जागी सहा-आठ महिने राहतात. भाजलेले पीठ आणि भरडा मात्र दोन-तीन महिन्यांत संपवावा. म्हणून भाज्या एप्रिल-मेमध्ये वाळवा, पण भरडा आणि सातू जूनच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत ते चांगले राहतील. प्रत्येक पाकिटावर तयार केल्याची तारीख ठळक अक्षरांत लिहा. अक्षर न वाचणाऱ्यांसाठी आम्ही जूनच्या मालाला लाल दोरा बांधतो आणि "लाल दोरा पोळ्याआधी संपवा" असे सांगतो.

आपण काय करावे

महिला मंडळांनी एकत्र बसून हे काम करावे, म्हणजे भाजणे, भरडणे, तपासणे सोपे जाते. आणि एक विनंती युवकांना. उन्हाळी शिबिरात एका संध्याकाळी हाच भरडा तीन दगडांच्या चुलीवर शिजवा आणि सर्वांनी तेच जेवा. मीठ कमी आहे का, डाळ कच्ची राहते का, पोट भरते का, हे तेव्हाच कळेल. जे आपण शिबिरात आनंदाने खाणार नाही, ते पाड्यावर पाठवू नये.

यंदा आम्ही आणखी एक करणार आहोत. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांना मेमध्येच झाकणाचा पत्र्याचा डबा, डाळ आणि तांदूळ द्यायचे आणि भाजण्याचे काम त्यांच्याच अंगणात, शेजारच्या अनुभवी आजीबरोबर करायचे. तयार पाकीट तीन दिवस पुरते. स्वतः भरलेला डबा पुढच्या वर्षीही भरता येतो. म्हणून ज्यांना वेळ नाही त्यांनी डाळ द्यावी, ज्यांना वेळ आहे त्यांनी हात द्यावेत. पाऊस यायच्या आत हे डबे भरलेले असावेत, एवढीच इच्छा आहे.