भट्टीतील ज्योतीची वाट

चाकावर घडवलेले मडके कच्चे असते. पाणी लागताच ते विरघळते. त्याला टिकाऊपणा येतो तो भाजणीने. म्हणूनच भाजणी हा कुंभारकामातील निर्णायक टप्पा होय. महिनाभराच्या श्रमांचे फळ एका भाजणीत हाती येते किंवा वाया जाते.

पूर्वी मोकळ्या जागेत आवा रचून लाकूड, शेण्या व पालापाचोळा यांच्या आचेवर भांडी भाजत. बंगळूरमधील जे. पी. नगरसारख्या दाट वस्तीत एवढा धूर करणे शक्य नसते. तेथे गॅसची भट्टी सोयीची ठरते. मात्र गॅस पेटवला म्हणजे सर्व भांडी सारखी भाजतात असे नाही. कधी वरच्या फळीवरील भांडी अधिक भाजतात आणि तळाची कच्ची राहतात. अशा वेळी प्रथम धूरमार्ग तपासावा लागतो.

धूरमार्ग म्हणजे जळालेले वायू भट्टीबाहेर पडण्याची वाट. तो छतात असेल, तर ज्योत सरळ वर निघून जाते. तो तळाशी ठेवून उंच धुराड्याला जोडला, तर ज्योत प्रथम वर चढते, छताखाली वळते आणि भांड्यांमधून खाली उतरते. तापलेले वायू स्वभावतः वर जातात; त्यांना खाली ओढण्याचे काम धुराडे करते. धूरमार्ग फार रुंद असल्यास उष्णता निसटते. फार अरुंद असल्यास ज्वाला बर्नरच्या तोंडाकडून उलट बाहेर येतात.

भट्टीतील हवेचा रंगावरही परिणाम होतो. भरपूर हवेत ऑक्सिडीकरण होते. धुराड्याची झडप थोडी लावून हवा कमी केली, की क्षपण होते. तांबे असलेली झिलई पहिल्या स्थितीत हिरवी, तर दुसऱ्या स्थितीत लाल होऊ शकते. भट्टीच्या एका कोपऱ्यात हवा कमी व दुसऱ्यात अधिक असेल, तर एकाच झिलईची भांडी वेगवेगळ्या रंगांची निघतात.

भाजणी सारखी झाली की नाही, हे पाहण्यासाठी ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे शंकू वरच्या, मधल्या व खालच्या फळीवर ठेवतात. त्यांच्या वाकण्यातील फरक पाहून धूरमार्ग, झडप किंवा भांड्यांची मांडणी यांत एका वेळी एकच बदल करावा. त्यामुळे दोष नेमका कोठे होता, हे समजते.

हवा कमी असताना कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू तयार होतो. म्हणून गॅसची भट्टी बंद खोलीत कधीही पेटवू नये.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम-प्रशिक्षण संस्था आहे. हा व्यवसाय शिकणाऱ्याला चाकाइतकीच भट्टीचीही ओळख हवी. जुना कुंभार धुराच्या रंगावरून आव्याची स्थिती ओळखत असे. इंधन बदलले, तरी ती दक्षता आजही आवश्यक आहे.