चुकलेले हप्ते, बिघडलेली पत

गेली अनेक वर्षे रक्तदाबासाठी माझ्याकडे येणारे एक निवृत्त गुरुजी मुलीसोबत आले. तक्रार झोप न लागण्याची होती. बोलता बोलता कळले, की घराच्या गळक्या छतासाठी मागितलेले कर्ज बँकेने नाकारले होते. कारण काय, तर गुरुजींचे ‘सिबिल’ खराब. क्रेडिट कार्डाची बिले कित्येक महिने चुकली होती. पैशांची चणचण नव्हती. निवृत्तिवेतन खात्यात पडून होते. “मी भरले होते हो, डॉक्टर,” असे ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. वाण्याची उधारीही कधी न थकवलेला माणूस तो!

मला पैशांपेक्षा त्या वाक्याची काळजी वाटली. स्मृतिभ्रंशाच्या निदानाआधी सहा वर्षांपर्यंतही बिले चुकू लागलेली असू शकतात, असे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळले. तेव्हा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची बिले अचानक थकू लागली, तर त्यांना रागावण्यापूर्वी डॉक्टरांकडे न्यावे. प्रत्येक विसर म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉईड, बी-१२ ची उणीव आणि नैराश्य यांनीही विसर पडतो. गुरुजींचे बी-१२ फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू केली आणि पुढील तपासणीसाठी त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले.

पत सुधारण्याचे काम मुलीने हाती घेतले. भारतात पतनोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अहवालात चुकीची नोंद आढळल्यास तक्रार करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई मिळते. गुरुजींच्या नोंदी मात्र खऱ्याच होत्या. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

वसुलीवाल्याने थोडक्या रकमेत तडजोड सुचवली होती. मी ती नको म्हणालो. अशा खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि कर्ज पूर्ण फेडलेले नाही, असाच अर्थ पुढची बँक त्यातून काढते. त्यांनी सगळी थकबाकी भरली आणि थकबाकी नसल्याचा दाखला घेतला. जुने कार्ड बंद केले नाही. त्यावर फक्त औषधांचा खर्च ठेवला आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते होण्याची सोय केली. सिबिलचा आकडा ३०० ते ९०० असतो आणि अहवालात ३६ महिन्यांपर्यंतची परतफेड दिसते. त्यामुळे एका महिन्यात फरक शोधू नये. मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी पाहतो, तसा येथेही धीर लागतो.

एक गोष्ट मी मुलीला बजावली: व्यवहार बाबांच्या हातून काढून घेऊ नकोस. आता दर महिन्याच्या ५ तारखेला गुरुजी स्वतः बँकेचा संदेश वाचतात आणि दिनदर्शिकेवर खूण करतात. ती नंतर पडताळून पाहते.

दहा महिन्यांनंतर आकडा वर सरकला, पण कर्ज मिळण्याइतका नाही. यंदाचा पावसाळा ताडपत्रीखालीच गेला. झोप मात्र आता लागते, असे गुरुजी सांगतात.