फोटोची पाठ कोरी ठेवू नका

पूर्वी फोटो काढणे हा घरातला एक लहानसा समारंभच असे. फोटो हाती आला, की कोणीतरी जाणते माणूस त्याच्या पाठीवर शाईने नावे, गाव आणि साल लिहून ठेवी. त्या दोन ओळींमुळेच पणजोबा कोणते आणि त्यांचे धाकटे बंधू कोणते, हे आज आपणांस सांगता येते.

आता मोबाइलमुळे फोटो उदंड झाले. एका लग्नात पाचशे-हजार सहज निघतात. पण पाठीवर लिहिण्याची रीत मात्र मोडली. वीस वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो उघडला आणि तिसऱ्या रांगेतली मुलगी कोण, हे सांगणारे कोणी उरले नाही, तर तो फोटो असून नसल्यासारखाच.

वास्तविक, श्रोतेहो, डिजिटल फोटोलाही पाठ असते! फोटो काढताना कॅमेरा त्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि कधीकधी जागाही गुपचूप नोंदवतो. या नोंदीस एक्झिफ म्हणतात. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ चुकले, की नोंदही चुकते. शिवाय व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेला फोटो आकाराने लहान होतो आणि ही नोंद बहुधा गळून पडते. म्हणून महत्त्वाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. तो जसाच्या तसा पोचतो.

आता लावालावीकडे वळू. संगणकावर प्रत्येक सालाचा एक फोल्डर करावा आणि त्यात प्रसंगाचे फोल्डर. नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस लिहावा. उदाहरणार्थ, '२०२४-०८-१५ झेंडावंदन'. असे केले म्हणजे फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने उभे राहतात. हललेले, अंधारलेले आणि एकासारखे एक असे फोटो त्याच वेळी काढून टाकावेत. धान्य कणगीत भरण्याआधी आपण पाखडतोच की!

पुढचे काम नावांचे. डिजिकॅम हा यासाठी फुकट मिळणारा चांगला प्रोग्रॅम आहे. त्यात फोटोखाली मराठीत मजकूर लिहिता येतो, माणसांची नावे जोडता येतात आणि पुढे नावावरून फोटो शोधता येतो. मात्र हा मजकूर फोटोच्या फाइलमध्येच लिहिला जाईल, अशी खूण सेटिंगमध्ये जरूर करावी. कारण प्रोग्रॅम काही अमर नसतात. गूगलचा पिकासा एके काळी घरोघरी होता; २०१६ साली तो बंद झाला. लोकांचे फोटो त्यांच्याजवळ राहिले, पण पिकासात बांधलेले अल्बम दुसऱ्या प्रोग्रॅमला सहजी उमगेनात. पाठीवर लिहिलेले टिकते. कपाटावर चिकटविलेली चिठ्ठी कपाटाबरोबरच जाते.

आता सुधारणेविषयी. जुने फोटोग्राफर निगेटिव्ह जिवापाड जपत आणि प्रती काढून देत. आपणही मूळ फाइलला निगेटिव्ह समजावे आणि जी काही दुरुस्ती करावयाची ती तिच्या प्रतीवर करावी. याला कारण आहे. आपले बहुतेक फोटो जेपेग या प्रकारचे असतात. जागा वाचविण्यासाठी त्यात बारीक तपशील वगळले जातात, आणि बदल करून पुन्हा साठविले, की आणखी काही तपशील गळतात. फोटो सरळ करणे, कडेचा नको तो भाग कापणे, उजेड थोडा वाढविणे, एवढी दुरुस्ती बहुधा पुरते. चेहरा गोरा करण्याचा मोह टाळावा. आजोबांच्या सुरकुत्या हाही घराचा इतिहासच आहे.

शेवटची गोष्ट जपणुकीची. तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक नातलगाकडे किंवा इंटरनेटवरील साठ्यात. पण गूगलच्या खात्यात फुकट मिळणारी जागा १५ गिगाबाइटच असते, आणि तीत आपली टपालेही मोडतात, हे ध्यानात ठेवावे.

हे सारे एका दिवसात होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. शिक्षकांनी यंदाच्या वर्गाचा फोटो घेऊन मुलांकडूनच डावीकडून उजवीकडे नावे लिहवून घ्यावीत. घरी आजीजवळ बसून दहाच फोटो उघडावेत आणि ती सांगेल ती नावे टिपून घ्यावीत. संगणक उद्याही मिळेल. नावे सांगणारे माणूस आज आहे, तोवर हे काम उरकावे.