ढीग मोठ्यांचा, निवड पोरांची

एप्रिल उजाडला की बहुतेक हायस्कुलांत एक काम न चुकता उरकलं जातं. वर्षभरात वाटलेली अवांतर वाचनाची पुस्तकं गोळा करायची, दाखल नोंदवहीशी ताडून बघायची आणि कपाटाला कुलूप लावायचं. त्यानंतर वार्षिक परीक्षा, निकाल आणि जूनच्या मध्यापर्यंतची सुट्टी. म्हणजे ज्या महिन्या-दीड महिन्यात नववीतल्या पोराला दुपारभर लोळत वाचता येईल, नेमक्या त्याच काळात शाळेतलं पुस्तक त्याला मिळत नाही. दिवाळीच्या दिवसांत उन्हाळ्याचा विषय काढायचं कारण हेच. सुट्टीतल्या वाचनाची तयारी मे महिन्यात सुरू केली तर उशीर झालेला असतो. पुस्तकं जमवायची, मागवायची, त्यातली काही आपण वाचून ठेवायची, तर हाताशी हेच पाच-सहा महिने असतात.

पुस्तकं कोणती द्यावीत हे विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं. ‘श्यामची आई’, ‘मृत्युंजय’, ‘अग्निपंख’. यादी वाईट मुळीच नाही. साने गुरुजींचं पुस्तक १९३५पासून घराघरांत टिकून आहे. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची कादंबरी तर इथलीच. १९६७ साली ती आली तेव्हा लेखक अवघा सत्तावीस वर्षांचा आणि कोल्हापुरात शिक्षकी करणारा होता. अडचण आहे ती यादी हातात पडण्याच्या रीतीत. एकच यादी अख्ख्या वर्गाला लागू होते. मग तिच्यामागोमाग ‘गोषवारा लिहून आणा’ येतं आणि सुट्टीतलं वाचन गृहपाठ होऊन बसतं. वाचायला सरावलेल्या मुलाला ‘मृत्युंजय’ची जाडी कमीच पडते, पण अडखळत वाचणाऱ्याला तेच पुस्तक भिंतीसारखं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की मोठ्यांनी पुस्तक निवडू नये, पुस्तकांचा ढीग निवडावा. त्यातलं कोणतं उचलायचं, कोणतं अर्ध्यात टाकायचं आणि कशाला हातच लावायचा नाही, हे मुलानं ठरवावं.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन यांनी गरीब वस्तीतल्या सतरा शाळांमध्ये केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीआधी पुस्तकांचं प्रदर्शन मांडायचं, मुलांनी त्यातून हवी ती पुस्तकं निवडायची, आणि प्रत्येकाला बारा पुस्तकं कायमची द्यायची, असं सलग तीन उन्हाळे चाललं. ना वर्ग, ना परीक्षा. तिसऱ्या वर्षाअखेर ही मुलं वाचनात इतरांच्या पुढं गेली होती आणि सर्वांत गरीब घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला होता. उन्हाळी वर्ग भरवून जेवढं साधतं तेवढं याने साधलं, असा त्या अभ्यासकांचा दावा आहे. यावर एक रास्त शंका येते: ती मुलं पहिली-दुसरीतली, आपली चौदा-पंधरा वर्षांची. पण दुसऱ्याने ठरवलेलं नाकारण्याची खोड सात वर्षांच्या पोराला जास्त असते की पंधरा वर्षांच्या? निवडीचं महत्त्व वयाबरोबर घटत असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. त्या वयासाठी दुसरा पुरावाही आहे. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय ‘पिसा’ चाचणी २००० साली झाली. तिच्यात आईबापांचा व्यवसाय खालच्या स्तरातला, पण स्वतः आवडीने नाना तऱ्हेचं वाचणारी मुलं सरासरी ५४० गुणांवर होती; वरच्या स्तरातल्या घरातली, पण वाचनाशी फारसं देणंघेणं नसलेली मुलं ४९१वर. नीट वाचता येतं म्हणून आवडतं, की आवडतं म्हणून नीट वाचता येतं, हे या आकड्यांतून सुटत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांना ओढत असावीत. घरची परिस्थिती मात्र शेवटचा शब्द नसते, एवढं यातून नक्की दिसतं.

ढिगात काय घालायचं याचं सूत्र मला वेगळ्याच ठिकाणी सापडतं. १९८८ साली डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी सातवी-आठवीच्या चौसष्ट मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि काय घडलं ते मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. काही मुलं वाचनात हुशार, काही कच्ची. काहींना बेसबॉल पाठ, काहींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. खेळ जाणणाऱ्या कच्च्या वाचकांनी खेळ न जाणणाऱ्या हुशार वाचकांना सपशेल मागं टाकलं. ‘याला वाचता येत नाही’ हा शेरा म्हणूनच फार ढोबळ आहे. त्याला कशावरचं वाचता येत नाही, हे विचारायला हवं. आपल्याकडे तर याचं प्रात्यक्षिक रोज बघायला मिळतं. धड्यातला उतारा वाचताना जो तीनदा थांबतो, तोच शाहू स्टेडियमवरच्या सामन्याची बातमी पेठेतल्या कट्ट्यावर खेळाडूंच्या नावांसकट घडाघडा वाचून दाखवतो. खासबागेतल्या कुस्तीचं वर्णन वाचताना ‘धोबीपछाड’ किंवा ‘ढाक’ या शब्दांवर त्याचं अडत नाही, मास्तरांचं अडेल.

म्हणून कोल्हापूरच्या मुलाचा ढीग कोल्हापूरच्या मातीतून सुरू व्हावा. यात गावाचा अभिमान मिरवायचा नाही, वाचनाची सोय बघायची आहे. (अभिमानच कसोटी मानली तर ‘ययाति’ पहिली लागेल, कारण खांडेकर इथं राहिले आणि तिला ज्ञानपीठ मिळालं. पण वासनेचं ओझं वाहणाऱ्या राजाची कहाणी नववीतल्या पोराने पहिल्या दमात का वाचावी?) आनंद यादवांची ‘झोंबी’ घ्या. शाळा शिकण्यासाठी बापाशी झुंजणाऱ्या कागलच्या पोराची ही १९८७ सालची आत्मकथनपर कादंबरी. तिच्यातली बोली पुण्या-मुंबईच्या वाचकाला अडखळवते. कागल-करवीरच्या मुलाला ती आजीच्या तोंडची वाटते. मोट, पाटाचं पाणी, गुऱ्हाळ यांसाठी त्याला शब्दकोश लागत नाही. जी पुस्तकं बाहेरच्यांना अवघड ती इथल्यांना सोपी, हा लाभ आपण यादीतून जवळपास वगळूनच टाकतो. गडहिंग्लज-चंदगडकडच्या मुलांना प्रकाश नारायण संतांचा लंपन द्यावा. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ या चार पुस्तकांत पसरलेल्या त्या शाळकरी पोराच्या जगात मराठीला कानडी हेल आहे, आणि तो हेल सीमाभागातलं मूल रोज बाजारात ऐकतं. गोष्टी सुट्या असल्याने कुठूनही उघडता येतात, दोन वाचून ठेवूनही देता येतात.

मातीतून सुरुवात म्हणजे मातीतच मुक्काम नव्हे. ढिगातलं प्रत्येक पुस्तक आधीच्यापेक्षा एखाद्या पावलाने लांबचं असावं. कागलहून माणदेश फार दूर नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांची, आणि तिच्यातला नवखा मास्तर वयाने नववी-दहावीच्या मुलांच्या जवळचाच. वारणेच्या खोऱ्यातला ‘फकिरा’ शेजारचाच आणि वेगवान; तो लिहिणारे अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवसच गेले होते, हे समजल्यावर वर्गातल्या शेवटच्या बाकावरची मान हमखास वर येते. ज्याला गोष्टीच नको असतात त्याच्यासाठी खाशाबा जाधवांचं चरित्र ठेवावं. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, आणि त्या प्रवासाच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं असं सांगितलं जातं. तिथून पुढं विज्ञान. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. त्यांनी विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे परीक्षकांना लेखक ओळखू येऊ नये. त्यांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या कथा एका बैठकीत संपतात. मुलींसाठी वेगळा ढीग करायची गरज नाही, पण लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांच्याच ढिगात हवी; इतकी मिस्कील पुस्तकं मराठीत थोडी आहेत. इंग्रजी शाळेतल्या आणि मराठी चाचपडत वाचणाऱ्या मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा बालभारतीच्या ‘किशोर’चे अंक द्यावेत, आणि ‘हे लहानांचं आहे’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

आता आक्षेप. पहिला आक्षेप कोल्हापुरात नेमका शाहू महाराजांचं नाव घेऊन येतो. ‘महाराजांनी सक्ती केली म्हणून इथली पोरं शिकली, मोकळीक देऊन कुणी शिकत नाही.’ सक्ती केली हे खरं. पण कुणावर? १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोर शाळेत आलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड होता, आणि तो भरायचा होता बापाने. शाळा काढायची, मास्तर नेमायचा, खर्च सोसायचा ही जबाबदारी दरबारने स्वतःवर घेतली होती. ती सक्ती मोठ्यांवर होती. त्याच न्यायाने सुट्टीतल्या वाचनाची सक्ती करायचीच असेल तर ती शाळेवर आणि पालकांवर करावी: ढीग मांडलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की निवड सोडली तर पोरं भिकार पुस्तकं उचलतील. उचलतीलच. फ्लोरिडातल्या मुलांनीही आवडत्या गायक-नटांवरची पुस्तकं आधी पळवली होती. पण ढीग आपण केलेला असतो हे विसरू नये. त्यात सगळ्यांत हलकं काय असावं याची रेघ आपणच ओढतो. रहस्यकथा आणि भुताच्या गोष्टी त्या रेघेच्या आत असाव्यात, असं माझं मत. वाचनाचा वेग येतो तो अशाच पुस्तकांनी, आणि वेगाशिवाय जाड कादंबरी हातात धरवत नाही. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची सनद लिहिली. तिच्यात पहिला हक्क न वाचण्याचा, आणि पुढं पानं गाळण्याचा, पुस्तक अर्ध्यात सोडण्याचाही. मोठी माणसं हे सगळे हक्क बिनबोभाट वापरतात. पोरांनी वापरले की आपल्याला ‘चिकाटी नाही’ आठवतं.

‘वेळच कुठाय?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. नववीची परीक्षा संपली की दहावीची व्हेकेशन बॅच सुरू होते. पण क्लास दिवसभर नसतो; उरलेला वेळ मोबाईल घेतो, आणि तो घेतो कारण तो उशाशी असतो. पुस्तक कुलूपबंद कपाटात आणि मोबाईल उशाशी असताना मुलांना आवड नाही असं म्हणणं म्हणजे खेळाआधीच निकाल लावण्यासारखं आहे.

‘झोंबी’, ‘फकिरा’ यांसारख्या पुस्तकांत मारहाण आहे, शिव्या आहेत, भूक आहे, ती या वयाला द्यावीत का, असंही विचारलं जातं. मोबाईलवर याहून वाईट दिसतं, हे त्यावरचं आळशी उत्तर. खरं उत्तर असं, की चांगल्या पुस्तकात मारहाणीला कारण असतं आणि परिणामही असतो. मारणाऱ्या बापाचीही बाजू दिसते. पंधरा वर्षांच्या मुलाला हे पेलतं. घरात त्यावर बोलणारं कुणी नसेल तर पेलणं कठीण जातं, म्हणून ढिगातली दोन-तीन पुस्तकं तरी मोठ्यांनी वाचलेली असावीत. परीक्षा घ्यायला नव्हे, गप्पा मारायला.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न कोल्हापूरने विचारू नये. करवीर नगर वाचन मंदिराची मुळं १८५० साली स्थापन झालेल्या नेटिव्ह लायब्ररीत आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा भारतात पहिल्यांदा झाला तो १९४५ साली कोल्हापूर संस्थानात. मद्रासचा १९४८चा आणि महाराष्ट्राचा १९६७चा. जिल्ह्यात गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत. तरी मुलींना संध्याकाळी वाचनालयात जाऊ देणारी घरं थोडी, आणि वाड्या-वस्त्यांवरून ते लांबही पडतं. त्यामुळे शाळेचं कपाट हाच जवळचा रस्ता. ते का उघडत नाही? पुस्तक हरवलं तर भरपाई कोण देणार, या धास्तीने. ज्या गुरुजींच्या नावावर कपाट असतं ते कुलूप लावतात यात त्यांचा दोष नाही. फाटक्या-हरवलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करायची सोय असते. शाळा समितीने दरवर्षी एवढी पुस्तकं सुट्टीत गहाळ होणार असं गृहीत धरून तसा ठराव आधीच करून ठेवला, तर किल्ली फिरायला हरकत राहत नाही. मोजणी एप्रिलऐवजी जूनमध्ये करावी. निकालाच्या दिवशी पटांगणात टेबलं लावून पुस्तकं मांडावीत, प्रत्येकाने चार-पाच उचलावीत, वहीत सही करावी. गोषवारा नको.

जूनमध्ये, वळीव पडून गेल्यावर, पुस्तकं परत येतील तेव्हा एक नोंद तेवढी ठेवावी. कोणत्या पुस्तकाचे कोपरे दुमडले, कोणतं तीन हातांतून फिरून आलं, आणि कोणतं टेबलावरून कुणी उचललंच नाही. पुढच्या दिवाळीत नवा ढीग ठरवताना वर्गातल्या शिफारशींच्या आधी ही वही उघडावी.