उरलेली कोरी बोट की वापरलेली?

अमेरिकेत बोट घेताय? हंगाम सरला की डीलरकडे गेल्या मॉडेलच्या कोऱ्या बोटी उरतात आणि घासाघीस करायला वाव मिळतो. आधी बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला 12 अक्षर-अंकांचा हल नंबर वाचा. शेवटचे दोन अंक म्हणजे मॉडेलचं वर्ष. पुढे विकताना भाव बराचसा त्यावर ठरतो. वॉरंटी कोणत्या तारखेपासून, ते लेखी घ्या. बॅटरी आणि ट्रेलरचे टायर उभ्या उभ्याही म्हातारे होतात!

वापरलेली घेताय? रंगावर भाळू नका. इंजिनाचे तास बघा, कॉम्प्रेशन टेस्ट करा, मागच्या फळीतलं लाकूड कुजलंय का ते सर्व्हेअरकडून तपासून घ्या, पाण्यात चालवून बघा.

दोन्हींच्या भावात फारसा फरक नसेल, तर माझं मत कोरीलाच!