माशाची वाट

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठण हे गोदाकाठचे प्राचीन नगर आहे. या नगराजवळ गोदावरीला आडवा असा मातीचा एक प्रचंड बांध घातलेला आहे. त्याची लांबी जवळजवळ १० किलोमीटर आहे. हेच जायकवाडी धरण. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. धरणामागे पसरलेल्या विस्तीर्ण जलाशयास नाथसागर म्हणतात. संभाजीनगर व जालना येथील घरोघरचे हंडे या पाण्याने भरतात. डावा व उजवा असे दोन कालवे मराठवाड्याची शेते भिजवितात.

परंतु नदी ही जशी माणसाच्या पाण्याची, तशीच माशाच्या प्रवासाचीही वाट आहे. मुलांनो, काही मासे आयुष्यात फार लांबचा प्रवास करतात, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? आपल्याकडील नद्यांत अहीर नावाचा सापासारखा लांबट मासा आढळतो. त्याचा जन्म खोल समुद्रात होतो. त्याची काचेसारखी पारदर्शक पिले नदीच्या मुखाशी येतात, प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि गोड्या पाण्यात कित्येक वर्षे वाढतात. अंडी घालण्याची वेळ आली, की अहीर पुन्हा समुद्राकडे निघतो. हिलसा माशाचा क्रम याच्या नेमका उलट. तो समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो.

अशा प्रवाशापुढे एकाएकी भिंत उभी राहिली, तर त्याने काय करावे? तो तिच्या पायथ्याशी घुटमळत राहतो. वरची जागा त्याला पारखी होते आणि त्याचा वंश त्या भागातून हळूहळू नाहीसा होतो. मग माशांसाठी धरणे पाडून टाकावीत काय?

हा प्रश्न अन्य देशांतही विचारला गेला आहे. अमेरिकेतील एल्वा नदीवर विजेसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी दोन धरणे बांधली गेली. त्यांत माशांना वर जाण्यास वाटच ठेवली नव्हती. त्यामुळे समुद्रातून येणारे सॅल्मन मासे मुखापासून थोड्याच अंतरावर अडले. १९९२ साली तेथील सरकारने नदी पूर्ववत करण्यासाठी कायदा केला. तथापि कुदळ लगेच हाती घेतली नाही. साठलेला गाळ कोठे जाईल, शेजारच्या शहराचे पाणी गढूळ होईल काय, याचा अभ्यास झाला. पाणी शुद्ध करण्याची सोय आधी करण्यात आली. मग २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढली. सॅल्मन मासे पुन्हा वर जाऊ लागले आणि गाळाने नदीच्या मुखाशी नवा किनारा तयार झाला.

हीच कसोटी आता जायकवाडीला लावून पाहू. पहिला प्रश्न, धरणाचा उपयोग अजून आहे काय? आहे, आणि फार मोठा आहे. त्यासाठी अनेक गावांनी आपली घरेदारे सोडली, हेही विसरता येत नाही. दुसरा प्रश्न, तो लाभ दुसऱ्या मार्गाने मिळेल काय? वीज अन्य ठिकाणी निर्माण करता येते. परंतु अवर्षणाच्या प्रदेशात एवढे पाणी दुसरीकडून आणणे अतिशय कठीण आहे. तिसरा प्रश्न, धरण नसते तर मासा येथवर पोहोचला असता काय? गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते. मुखाजवळ धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन या अभियंत्याने १८५२ साली बांध पुरा केला. पुढे त्याच ठिकाणी नवा बांध झाला. हिलसाची वाट तेथेच अडते. त्याच्यावर तेलंगणात श्रीरामसागर आणि नांदेडजवळ विष्णुपुरी हे आणखी अडथळे आहेत. खालचे दार बंद असता वरचे उघडून काय उपयोग?

यावरून जायकवाडी पाडणे योग्य ठरत नाही, हे उघड आहे. म्हणून माशाचा विचारच सोडून द्यावा असे मात्र नव्हे. चौथा प्रश्न नेहमीच उरतो: बांध ठेवूनही माशाला वाट देता येईल काय? कमी उंचीच्या बांधाला कडेने उतरत्या पायऱ्यांचा पाट काढतात. त्यातून वाहणाऱ्या पाण्यात मासे पायरी पायरीने वर चढतात. असा विचार मुखाकडील बांधापासून सुरू झाला पाहिजे. तसेच गाळाने भरलेला, फुटका, कोणाच्याही उपयोगी न पडणारा एखादा जुना बंधारा असेल, तर तो काढणे हिताचे ठरू शकते. त्यासाठी बांधाच्या खाली व वर कोणते मासे मिळतात, याची निदान काही पावसाळे नोंद ठेवावी लागते आणि वृद्ध कोळ्यांना पूर्वीची स्थिती विचारावी लागते.

तहानलेल्या माणसाला मत मांडता येते. माशाला ते येत नाही. म्हणून निर्णय करणाऱ्याने माशाची बाजूही स्वतःच तराजूत घातली पाहिजे. मगच तो न्याय होय.