ठिबकला ॲसिड सोडताय? शेजाऱ्याचं माप चालणार नाही, आधी पाण्याचा सामू बघा

बोअरचं पाणी जड असलं की काही हंगामांत ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो. मग एका झाडाला पाणी भरपूर आणि दुसरं कोरडं, असं चित्र दिसू लागतं. हा थर बहुतेक वेळा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो आम्लात विरघळतो, म्हणून लॅटरलमधून ॲसिड सोडतात. पण किती सोडायचं, हे बरेच जण शेजाऱ्याला विचारून ठरवतात. गडबड तिथेच होते.

सामू म्हणजे काय?

सामू म्हणजे पीएच. ही साधारण ० ते १४ अशी पट्टी आहे. ७ म्हणजे ना आंबट ना खारं, ७ च्या खाली आम्ल आणि वर अल्क. यात एक मेख आहे. सामू एका अंकाने खाली आला की आम्लता दहापट वाढते. ५ वरून ३ वर आला, तर दुप्पट नव्हे, शंभरपट. त्यामुळे "जरासाच खाली गेला" असं सामूच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आम्लाची जात वेगळी, दाटपणा वेगळा

समजा, गावात शंभर मजूर आहेत. तीव्र आम्लात शंभरच्या शंभर कामावर हजर असतात. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक आणि नायट्रिक ही तीव्र आम्लं. सौम्य आम्लात मात्र थोडेच कामावर येतात, बाकीचे पारावर बसून राहतात. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल या जातीचं. सामू मोजतो तो फक्त कामावर आलेल्यांना.

दाटपणा म्हणजे एक लिटर पाण्यात एकूण मजूर किती. ही गोष्ट जातीवर अवलंबून नाही. तीव्र आम्लात खूप पाणी घातलं तर ते विरळ होतं, पण त्याची जात तीव्रच राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल दहापट विरळ केलं की सामू १ वरून २ वर जातो. ॲसिटिक आम्ल तेवढ्याच दाटपणाचं घेतलं, तर सामू २.९ च्या आसपास भरतो आणि दहापट विरळ केल्यावर ३.४ होतो, म्हणजे अर्धाच अंक चढतो. कारण पाणी वाढलं की पारावर बसलेल्यांतले आणखी काही कामाला उठतात.

शेतकऱ्याला याचा उपयोग दुकानात होतो. बाजारातलं हायड्रोक्लोरिक साधारण ३५ टक्क्यांचं असतं, तर सल्फ्युरिक ९८ टक्क्यांचं मिळतं. तेवढ्याच मापात या सल्फ्युरिकची ताकद जवळपास तिप्पट भरते. म्हणून ॲसिड बदललं की माप बदललंच पाहिजे. कॅनवरचा टक्का वाचल्याशिवाय झाकण उघडू नये.

पाणीही ॲसिड खातं

शुद्ध पाण्याच्या १० लिटरला ३५ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक जेमतेम १ मिली घातलं की सामू ३ वर येतो. जड पाण्याचं तसं नाही. त्यातलं बायकार्बोनेट आधी ॲसिड खाऊन टाकतं. बायकार्बोनेट बऱ्यापैकी असलेल्या बोअरच्या पाण्याला त्याच कामासाठी ६ मिलीच्या आसपास लागू शकतं. सुरुवातीला सामू हळूहळू उतरतो. बायकार्बोनेट संपत आलं की एकदम कोसळतो.

आता हेच ६ मिलीचं माप कुणी पावसाच्या पाण्याने भरलेल्या शेततळ्याला लावलं, तर सामू २ च्या जवळ जाईल, म्हणजे हवं त्याच्या जवळपास सातपट आम्लता. मुळं आणि पंप-फिल्टरचे लोखंडी भाग या दोन्हींना त्याचा धोका.

बादलीत करून बघा

प्लास्टिकच्या बादलीत ज्या पाण्यावर ठिबक चालतं ते १० लिटर घ्यावं. सिरिंजने एकेक मिली ॲसिड टाकत लाकडी काठीने हलवावं आणि दर वेळी पीएच पेपर बुडवून रंग तक्त्याशी ताडावा. साधा लिटमस फक्त आम्ल की अल्क एवढंच सांगतो, तो इथे पुरत नाही. सामू ३ ते ४ च्या मध्ये आला की थांबावं. किती मिली लागलं ते लिहून ठेवावं.

समजा, ६ मिली लागलं. संचातून ताशी १० हजार लिटर पाणी जात असेल, तर १५ मिनिटांत अडीच हजार लिटर जाईल. त्याला दीड लिटर ॲसिड पुरतं. ते १५ मिनिटांत सारखं सोडावं, शेवटच्या ड्रीपरपाशी पीएच पेपरने खात्री करावी आणि संच २४ तास बंद ठेवावा. नंतर सबमेन आणि लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाण्याने धुऊन काढावं.

हे विसरू नका

नेहमी पाण्यात ॲसिड ओतावं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. उलटं केलं तर उकळी फुटून ॲसिड तोंडावर उडतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवावं, डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत धूत दवाखाना गाठावा. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनची प्रक्रिया ॲसिडसोबत करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. कॅन पोराबाळांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही असा कुलपात ठेवावा.

बोअर बदलला, पाणी बदललं किंवा ॲसिडचा कॅन बदलला, तर मागच्या वर्षीचं स्वतःचं मापही धरू नये. बादलीची परीक्षा पुन्हा करावी. खर्च पीएच पेपरचा आणि अर्ध्या तासाचा, आणि वाचतं ते उभं पीक.